शीर्षक कसे समर्पक आहे ते स्पष्ट करा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे. ती चालवणाऱ्या मावशीचे. ती माझ्या आईची बहीण नाही, लांबच्या नात्यातलीही नाही. सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागलो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी आहे आणि तिथवर मी तिच्या स्वयंपाकघरातून चालत गेलो.

इथं मी तिचं नाव लिहीत नाही. कुणाचंच लिहिणार नाही. नाव देण्यात एकदा माझी चूक झाली आहे आणि ती चूक कशी झाली तेच सांगायचं आहे.

माझे वडील गवंडी, आई त्यांच्याच हाताखाली पाट्या उचलायची. काम निघेल तिकडे दोघं जायची, कधी बेळगावला, कधी कोल्हापूरला, कधी खाली गोव्याकडे. आठवीत मला तालुक्याच्या मराठी शाळेत घातलं. त्या दिवशी दुपारी आम्ही बापलेक खानावळीत जेवायला बसलो होतो. वडिलांनी भीत भीत विचारलं, पोराची दोन वेळची सोय होईल का. मावशीनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, माझ्या ताटाकडे बघितलं.

"सावकाश जेवतोय पोरगं," ती म्हणाली. "शेवटच्या पंगतीला बसंल तर चालंल. राहू दे हितंच."

तेव्हापासून पदवीचा निकाल लागेपर्यंत मी शेवटच्या पंगतीला बसलो आणि कोठीच्या खोलीत पोत्यांशेजारी झोपलो. पुस्तकांसाठी तिनं एक फळी रिकामी करून दिली होती. त्यावर आधी पापडाचे डबे असायचे. परीक्षेच्या दिवसांत ती भाकऱ्या थापणाऱ्या दोघी बायकांना दटावायची, "हळू बोला गं, आत अभ्यास चाललाय." त्या हळू बोलायच्या. मग ती स्वतःच कुणावर तरी ओरडायची.

खानावळीत कुणाला नावानं हाक नव्हती. मावशी माणूस ओळखायची तो त्याच्या जेवण्यावरून. कोर्टातला एक कारकून बसल्याबरोबर ताक मागायचा, तो 'आधी-ताक'. चित्रकलेचे सर भाकरीच्या कडा काढून ठेवायचे, ते 'बिनकडा'. मी 'सावकाश'. यात चेष्टा होती, पण नुसती चेष्टा नव्हती.

"आधी-ताक आज आला न्हाई?"

"ताप आलाय म्हणं त्याला."

"मग बसलीयास काय? कण्या शिजीव जरा, डबा पाठवू."

मावशीचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत निघून गेला होता. कुठं गेला ते कुणी सांगत नसे. मूल नाही. एक भाऊ होता, त्याच्याशी बोलणं नव्हतं. गावात तिच्याबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणून एकच वाक्य म्हणायचे, "तिला कुणी न्हाई." ते वाक्य माझ्या कानात राहिलं. मला वाटायचं, हेच तिच्याबद्दलचं सगळ्यात मोठं सत्य आहे.

आता शाळेतला एक प्रश्न सांगतो. सीमाभागातल्या असो नाहीतर महाराष्ट्रातल्या, मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही तो आठवेल. दहावीच्या पेपरात पाच मार्कांचा एक प्रश्न हमखास यायचा, 'पाठाला दिलेले शीर्षक कसे समर्पक आहे ते स्पष्ट करा.' आमच्या सरांनी त्याचं उत्तर आम्हाला साच्यासारखं घालून दिलं होतं. आधी शीर्षकाचा अर्थ लिहायचा. मग पाठातली तीन उदाहरणं. मग एक ओळ सोडून शेवट, 'अशा प्रकारे प्रस्तुत पाठाचे शीर्षक सार्थ व समर्पक आहे.' शेवटच्या ओळीखाली पट्टीनं रेघ ओढायची.

शीर्षक समर्पक नाही असं उत्तर कुणीच लिहिलं नाही. तसं लिहिता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. पुस्तकावर छापलेलं नाव म्हणजे बरोबरच असणार, आपलं काम फक्त ते का बरोबर आहे ते शोधायचं. आमच्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांना छापील अक्षराबद्दल एवढा आदर होता की त्याच्यावर शंका घ्यायला जीभ रेटत नसे. मला त्या प्रश्नात कधी मार्क कमी पडले नाहीत.

पदवीनंतर नोकरी मिळाली ती बंगळुरात. मी मारतहळ्ळीला राहतो. माझं काम ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं देण्याचं आहे. दिवसभर इंग्रजीत आणि हिंदीत टाइप करतो, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. आमच्या मजल्यावर बसलेली शंभरेक माणसं कानाला काही न लावता नुसती टाइप करत असतात. कधीकधी तर संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघालेला नसतो. मग खाली दुकानदार पिशवी हवी का विचारतो आणि मी कानडीत "बेड" म्हणतो, म्हणजे नको. तो दिवसातला पहिला शब्द.

राहतो त्या मजल्यावर चार खोल्या आहेत. चारही खोल्यांत माझ्याच वयाची मुलं. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजतात, पार्सल येतं, एक दार हातभर उघडतं, हात बाहेर येतो, पिशवी घेतो, दार बंद. मग दुसरं. चौघंही जेवतो साधारण एकाच वेळी. मधे नुसत्या भिंती.

मावशीला मी फोनवर सांगत आलो होतो, "आम्ही चौघं पोरं एकाच मजल्यावर राहतो. जेवतो पण एकाच वेळी." यातलं एकेक वाक्य धरलं तर खोटं नव्हतं.

या शहरात मराठी ऐकायला मिळण्याची माझी एकच जागा होती, बसवनगुडीतलं एक घर. महिन्यातून एका रविवारी तिथं दहाबारा माणसं जमून एका पुस्तकावर बोलत. बस, मग मेट्रो, मग थोडं चालणं, एवढं करून मी पोचायचो. घर अण्णांचं. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कानडी शब्द इतके सहज येतात की कुठला कुठला ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का पुस्तकं वाचायच्या सगळ्यांच्या आधी आणि बोलायच्या सगळ्यांच्या शेवटी. मधल्या वेळात कॉफी.

त्या बैठकीची एक रीत होती. पुस्तक कसं वाटलं हे नंतर. आधी प्रत्येकानं एवढंच सांगायचं, की हे नाव या गोष्टीला आणि या माणसांना शोभतं की नाही. अण्णांचाच तो नियम.

"नाव चुकलं असेल तर लेखकानं आपलंच पुस्तक नीट वाचलेलं नाही असं समजायचं," अण्णा म्हणायचे.

"काही नाही रे," अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "जन्मभर बँकेत फॉर्मवर आधी नाव बघितलं. आता पुस्तकावर बघतात."

पहिल्यांदा तो प्रश्न ऐकला तेव्हा मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. परक्या शहरात, अनोळखी घरात, मला उत्तर येत असलेला एकमेव प्रश्न कुणीतरी विचारत होतं. माझी पाळी आली की मी सरळ बसून सांगायचो, अर्थ, तीन उदाहरणं, समारोप. माझ्या मते प्रत्येक कादंबरीचं नाव समर्पकच असायचं.

"आला, पाच मार्कांचा आला!" अण्णा टाळी वाजवायचे. "अरे, एकदा तरी नापास कर की कुणाला तरी."

सगळे हसायचे. मीही हसायचो. ते हसणं मला आवडायचं, कारण त्यात मी होतो.

याच काळात मी कादंबरी लिहीत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. कामावरून आल्यावर, जेवणाआधी, रोज थोडं थोडं. कादंबरी मावशीच्या खानावळीची होती. पंगती, चुलीजवळच्या बायका, आधी-ताक, बिनकडा, लग्न मोडून आलेली आणि दोन वर्षं भाकऱ्या थापून शेवटी नर्स झालेली एक मुलगी, सगळं त्यात आलं. लिहीत बसलो की खोलीत माणसं यायची. लिहून झालं की जायची. त्यामुळे मी ती कादंबरी जरा लांबवलीच, हे मला आता कळतं.

संपली तेव्हा मी तिला नाव दिलं, 'कुणी नसलेली'.

पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकांकडे पाठवली. पुष्कळ दिवसांनी त्यांचा फोन आला, छापू म्हणून. त्या दिवशी मी जिन्यात उभा राहून बोललो, कारण खोलीत आवाज नीट येत नव्हता, आणि फोन ठेवल्यावर ही बातमी कुणाला सांगावी ते सुचेना. शेजारच्या दारावर टकटक करावी असं मनात आलं. त्या मुलाचं नाव मला माहीत नव्हतं. मी खाली गेलो, कॉफी प्यायलो आणि वर आलो.

प्रकाशक नंतर म्हणाले, "शीर्षक छान आहे, करुण आहे. मुखपृष्ठाचं काम सुरू करायचं तर पक्कं कळवा."

मी म्हणालो, एक आठवडा द्या. पक्कंच होतं, पण अण्णांना मी शेवटी बातमी सांगितली होती आणि येत्या रविवारच्या बैठकीत कुठलंही छापील पुस्तक न घेता माझंच हस्तलिखित घ्यायचं ठरलं होतं. मला ते वाक्य एकदा त्या घरात ऐकायचं होतं, की शीर्षक समर्पक आहे.

त्या रविवारी माणसं कमी होती. पाऊस नव्हता, सण नव्हता, तरी कमी होती. अण्णा, अक्का, पुण्याहून आलेली एक मुलगी जी आमच्याच बाजूच्या एका कंपनीत होती, आणि मागे गप्प बसणारे दोघंतिघं. सगळ्यांनी वाचलं होतं, हे मला पुरेसं होतं.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, "नियम लेखकालाही लागू. आधी नाव. तू बोलायचं नाहीस."

पुण्याची मुलगी म्हणाली, "मला टायटल आवडलं. डार्क आहे, पण लोक उचलतील. बाई एकटी आहे, पुस्तकाचं नाव तसंच आहे, झालं की."

"मला अर्धं पटतं," अण्णा म्हणाले. "नावात व्यंग असेल तर ठीक. लोक म्हणतात हिला कुणी नाही आणि प्रत्यक्षात घर भरलेलं आहे. तसं मनात होतं का तुझ्या?"

"नाही," मी म्हणालो. "व्यंग नाही. खरंच."

"बोलायचं नाही म्हटलं ना! विचारलं मीच, माझी चूक. अक्का?"

अक्कांनी माझे कागद मांडीवर घेतले होते. त्यांनी चष्मा काढला, परत लावला. "मला नाही शोभतं वाटलं," त्या म्हणाल्या.

त्या घरात 'नाही' हे उत्तर मी अनेकदा ऐकलं होतं. इतर पुस्तकांबद्दल. स्वतःच्या पुस्तकाबद्दल ऐकल्यावर माझे कान तापले. नियम विसरून मी बोलू लागलो आणि मला कळायच्या आत तेच उत्तर सुरू झालं होतं. "शीर्षकाचा अर्थ असा, की जिला जवळचं माणूस नाही. एक, तिचा नवरा सोडून गेला. दोन, तिला मूल नाही. तीन, भाऊ विचारत नाही..."

"अशा प्रकारे," पुण्याची मुलगी हळूच म्हणाली आणि खुदकन हसली. मग "सॉरी" म्हणाली.

"स्वल्प थांब रे," अक्का म्हणाल्या. "रागावू नकोस. मी सरळ विचारते. या बाईनं एकटीनं बसून जेवल्याचं एक पान काढून दे मला."

मी कागद घेतले. मला खात्री होती की असेल. मी पानं उलटू लागलो. पहिल्या प्रकरणात ती दोघी बायकांबरोबर चुलीपाशी बसून जेवते. पुढे आजारी पडते तिथं आधी-ताक तिला कण्या भरवतो आणि सांडतो, ती त्याला शिव्या देते. लग्नघरी जेवते. देवळाच्या पायरीवर जेवते, तिथंही शेजारीण आहे. मी शेवटापर्यंत गेलो. अण्णांनी मधेच कॉफीचा पेला माझ्या हाताशी ठेवला.

"एकटं जेवणारं माणूस आहे यात," अक्का म्हणाल्या. "शेवटच्या प्रकरणात. पण ती बाई नाही."

शेवटच्या प्रकरणात खानावळीतला मुलगा शहरात नोकरीला येतो. खोलीत पार्सल उघडतो. दोनच पानं आहेत ती.

"ज्या बाईनं सगळ्या गावाला एकेक नाव देऊन ठेवलं, तिला तू हे नाव दिलंस?" अक्का म्हणाल्या. त्या रागानं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटत होतं. "तिला विचारलंस तरी का?"

"अहो, पुस्तक आहे ते, रेशनकार्ड नाही विचारून लिहायला," अण्णा म्हणाले. "लेखकाचा हक्क असतो."

"असू दे की हक्क. मी कुठं काढून घेतला?"

मग दोघांचं बराच वेळ त्यावरच चाललं. पुण्याची मुलगी मधे मधे माझ्या बाजूनं बोलत होती. मी ऐकत नव्हतो. कादंबरीबद्दल बाकीचे खूप चांगलं बोलले. निघताना अक्कांनी डब्यात भिजवलेल्या डाळीची कोसंबरी घालून दिली. "पुढच्या वेळी डबा आण," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती. खिडकीबाहेर रिंग रोडवरची वाहनं थांबून होती. मी कागद पुन्हा काढले नाहीत. मला आता ते पान शोधायचं नव्हतं. मला दुसरंच काही सापडलं होतं आणि ते नको वाटत होतं.

मावशीला कुणी नाही, हे मी गावाच्या तोंडून ऐकलं होतं हे खरं. पण ते मी का धरून ठेवलं? तिथं राहत असताना मला ते कधी दिसलं नव्हतं. दिसायचे ते लोक, त्यांचा गोंगाट, पहिल्या पंगतीची घाई. बंगळुरात आल्यावर मात्र ते वाक्य मोठं होत गेलं. तिला कुणी नसेल, तर मी तिचा कुणीतरी ठरत होतो. मग माझ्या फोनची ती वाट बघत असणार, माझ्यावाचून कोठीची खोली रिकामी असणार. या शहरात माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. कुठंतरी असावं म्हणून मी तिला एकटी करून ठेवली होती. आणि आता ते पुस्तकाच्या तोंडावर छापायला निघालो होतो. ते गावात जाणार. आधी-ताक वाचणार. बसस्टँडवरचा पेपरवाला दुकानात टांगणार. ज्या वाक्यासाठी लोक तिच्या पाठीमागे आवाज खाली आणायचे, ते मी तिच्यासमोर मोठ्या अक्षरांत धरणार होतो, आणि वर म्हणणार होतो की ही माझी कृतज्ञता.

सोमवारी मला सुट्टी होती. दुपारी पंगती संपून स्वयंपाकघर निवांत होतं तेव्हा मी फोन केला. निवांत म्हणजे तिथल्या मानानं.

"कोण? सावकाश व्हय रे? जेवलास?"

"जेवलो."

"चौघं मिळून?"

मी हो म्हणालो. मग म्हणालो, "मावशी, एक विचारू? तुला कधी एकटं वाटतं का गं?"

"कुणाला? मला? ...अगं ए, दुधाकडं बघ, उतू चाललंय! ...काय म्हणालास?"

"काही नाही. असंच."

"न्हाई, ऐकलं मी." भांड्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं. "वाटतं की. दिवाळीत खानावळ बंद असती न्हवं, तवा वाटतं. समदी आपापल्या घरी जात्यात. ह्या दोघीबी जात्यात. तू असायचास आधी, तुझे आईबा कामावर लांब असायचे म्हणून. आता तूबी न्हाईस." मग लगेच, "बरं, ठेव आता. गिरणीतनं पीठ आलंय."

फोन ठेवल्यावर मी कागद काढले आणि त्यात दिवाळी कुठं आली आहे ते शोधलं. अक्कांचं चुकलं नव्हतं आणि मावशीचंही नाही. वर्षाचे थोडे दिवस ते नाव तिला लागू होतं, आणि त्या दिवसांबद्दल माझ्या कादंबरीत एक ओळ नव्हती. कारण त्या दिवसांत मी तिथं असायचो, आम्ही दोघं जेवायचो, आणि मला ते सुखाचे दिवस वाटायचे. आणि मी नसतानाचे ते दिवस मला माहीतच नव्हते.

प्रकाशकांना मी त्याच दिवशी कळवलं की नाव काढून टाकत आहे आणि नवं द्यायला दिवाळीनंतरपर्यंत वेळ लागेल. ते जरा नाराज झाले. म्हणाले, मग यंदाच्या पुस्तकांत तुमचं बसेल असं नाही. मी म्हणालो, चालेल. या पुस्तकाशिवाय दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग दुसऱ्या दिवशी मी मावशीला पत्र लिहिलं. फोनवर तिच्याशी बोलता येत नाही, फोन हातोहात फिरतो. पत्राचंही तसंच आहे. तिला वाचायला येतं पण सावकाश, म्हणून खानावळीत आलेलं पत्र दुपारच्या पंगतीत कुणीतरी मोठ्यानं वाचतं. मी लिहितोय ते सगळ्यांच्या कानावर जाणार, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. त्याची एक प्रत माझ्याकडे राहिली आहे. ती अशी.

मावशी,

हे पत्र पंगतीत वाचलं जाईल, तर वाचणाऱ्यानं आधी आपलं जेवण संपवावं. घाई नाही.

मी एक पुस्तक लिहिलं आहे. कादंबरी आहे, पण खानावळीचीच आहे. तुम्ही सगळे त्यात आहात, नावं बदलून. म्हणजे तू दिलेली नावं तशीच आहेत, कारण ती बदलून दुसरी चांगली मला सुचली नाहीत. तुला न विचारता लिहिलं. विचारायला हवं होतं.

त्याला मी एक नाव दिलं होतं. ते इथं लिहीत नाही. तू बिचारी आहेस असा त्याचा अर्थ होत होता. इथल्या एका अक्कांनी विचारलं, ही बाई एकटी जेवते ते पान दाखव, आणि मला दाखवता आलं नाही. ते नाव मी काढलं आहे. पुस्तक त्यामुळे लांबलं, कदाचित छापलं जाणारही नाही. त्याचं वाईट वाटतं, पण ते नाव तू दुसऱ्या कुणाच्या हातात बघितलं असतंस तर त्याहून वाईट वाटलं असतं.

दुसरं एक सांगायचं आहे. आम्ही चौघं एकत्र जेवत नाही. एकाच मजल्यावर राहतो, एकाच वेळी जेवतो, पण आपापल्या खोलीत दार लावून. बाकीच्या तिघांची नावं मला माहीत नाहीत. तुला काळजी वाटू नये म्हणून मी तसं सांगायचो. तब्येत चांगली आहे, नोकरी नीट आहे, साहेब रागावत नाहीत. फक्त इथं माझ्याशी बोलणारं कुणी नाही. हे लिहायला मला लाज वाटत होती, कारण तुम्ही सगळ्यांनी मला शिकवून पाठवलं ते मी असं लिहावं म्हणून नाही. पण खोटं सांगून तुझ्याशी बोललं की फोन ठेवल्यावर जास्तच एकटं वाटतं, म्हणून लिहिलं.

काल फोनवर तू दिवाळीचं म्हणालीस. मी दोन वर्षं आलो नाही. सुट्टी मिळत नाही म्हणालो होतो. मिळते. आईवडील त्या दिवसांत कामावर असतात, तर जायचं कुणाकडे असं मला वाटायचं. तुझ्याकडे यायला मला कुणाचं बोलावणं लागेल असं का वाटलं ते कळत नाही.

यंदा येतो आहे. तिकीट काढलं आहे, खानावळ बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी पोचेन. कागद बरोबर आणतो. तू काम करत बस, मी वाचीन. आवडलं नाही तिथं थांबव. तुझ्याबद्दल जे चुकीचं लिहिलं असेल ते सांग, आणि सगळे गेल्यावर तुझे दिवस कसे जातात तेही सांग, कारण ते मला माहीत नाही आणि पुस्तकात नाही. सांगावंसं नाही वाटलं तर नको.

भाकरी तू कर. मला तुझ्यासारखी जमत नाही. बाकी सगळं मी करतो. आमटी कशाची ते कळव, म्हणजे येताना इथून काही आणायचं असेल तर आणता येईल.